पुढची गाडी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला, की नोकरीतले चार चांगले अनुभव लिहून द्या. आता गाडीतले चांगले अनुभव मागच्या सीटवर बसणाऱ्याला येतात. पुढे बसणाऱ्याला रस्ता दिसतो आणि आरशात मागच्याचं तोंड. मी यवतमाळला सरकारी गाडी चालवली, सगळी नोकरी त्यातच गेली. त्यामुळे माझ्याकडे आहेत ते रस्त्याचे आणि तोंडांचे अनुभव. त्यातलाही आज जो लिहितो आहे तो चांगला की वाईट, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. एवढं सांगतो, की त्यात एक माणूस आहे आणि त्याच्यावर मी आयुष्यभर जळलो. अजूनही जळतो. वय झालं म्हणून जळणं थांबत नाही, फक्त गुडघे थांबतात.

त्याच्याकडे येतोच. आधी आमचं काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की ड्रायव्हरचं काम गाडी चालवणं. चालवणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग थांबणं. साहेब बैठकीत गेले की थांबा, जेवायला गेले की थांबा, बैठक संपून दारात उभ्याउभ्या दुसरी बैठक सुरू झाली की पुन्हा थांबा. थांबता थांबता काच पुसायची, सीटवरचा पांढरा टॉवेल झटकायचा, निंबाखाली सावली सरकली की गाडीही सरकवायची. दुसरं मोठं काम म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करणं. गाडीचं दार लागलं की मागचा माणूस धरून चालतो की ड्रायव्हरला कान नसतात. बदलीचे वशिले, बायकोच्या माहेरच्यांचा उद्धार, वरच्या साहेबाला शिव्या, सगळं आमच्या मानेमागे चालतं.

एक साहेब होते, त्यांना गाडीत झोप यायची आणि झोपेत तोंड उघडं पडायचं. ते लोकांना दिसू नये म्हणून ते मला गोष्टी सांगायला लावत. यवतमाळहून पुसदपर्यंत गोष्टी पुरवता पुरवता माझ्या गावातली सगळी भांडणं संपली. मग मी शेजारच्या गावातली रचून सांगू लागलो. बदली होऊन जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या विहिरीच्या भांडणाचं शेवटी काय झालं? दुसरे एक साहेब बदलीची हवा सुटली की कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघायचे. त्यांची गाडी कळंबच्या रस्त्याला लागलेली दिसली की ऑर्डर निघण्याच्या आधी सगळ्या ऑफिसला बातमी कळायची.

तर गाडी सगळं सांगते. कोण कोणाच्या गाडीत बसला, कोण कोणाच्या मागे निघाला, कोणाची गाडी पोर्चमध्ये लागली आणि कोणाची झाडाखाली, एवढं पाहिलं की पेपर वाचायची गरज नाही.

आता तो माणूस. त्याचं नाव शालिक. माझ्यासोबतच नोकरीला लागला, एकाच दिवशी. मला मिळाली जीप. तिचं मागचं दार लागत नसे, मी ते सुतळीनं बांधून ठेवायचो. शालिकला मिळाली पांढरी अँबेसेडर, पडद्यांची. पुढे तिच्यावर लाल दिवा बसला. गाडी चालवण्यात तो माझ्यापेक्षा काही फार मोठा नव्हता, हे मी कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. पण लोकांचं त्याच्यावर प्रेम. चहाच्या टपरीवर मी गेलो तर "या वसंतराव", आणि तो गेला तर टपरीवाला फडक्यानं बाक पुसायचा. साहेबांच्या बायकांना बाजाराला जायचं तर शालिकच पाहिजे. मी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सफारी घालून यायचो. तो मळक्या बाह्या वर करून यायचा आणि तरी साहेब म्हणत, शालिक कसा टापटीप असतो. माझ्या घरचीसुद्धा एकदा सहज म्हणाली की शालिकभाऊंचा आवाज किती गोड आहे. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आता लढाईचं सांगतो.

बीटीचं बियाणं यायच्या आधीची ती वर्षं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या छातीला लागायची, पाहून डोळे निवायचे, आणि बोंड उकलून पाहावं तर आत अळी. फवारणीवर फवारणी झाली तरी अळी मरेना. आधी एक औषध, मग दुसरं, मग दोन्ही एकत्र करून. अळी जणू त्याच्यावर पोसली जायची. आरडाओरड झाली तेव्हा सरकारनं आमच्या भागासाठी एक मोहीम समिती काढली. अध्यक्ष केले एका पुढाऱ्याला, राज्यमंत्र्याचा दर्जा देऊन. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. भाऊसाहेबांनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं की ही मोहीम नाही, हे युद्ध आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यामुळे त्यांना ते खरं वाटू लागलं, आणि युद्ध म्हटल्यावर सेनापती हवा म्हणून त्यांनी पुण्याकडचे एक निवृत्त कर्नलसाहेब आणून मोहीमप्रमुख केले.

कर्नलसाहेब माणूस शिस्तीचा. मिशा टोकदार, बूट आरशासारखे. त्यांनी येताच एका हॉलच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा लावला, त्यात लाल आणि हिरव्या टाचण्या टोचल्या आणि हॉलला वॉर रूम नाव दिलं. लोक त्याला अळीचं ऑफिस म्हणत. तालुका म्हणजे आघाडी, कृषी सहायक म्हणजे जवान, औषधं आणि अळीचे पतंग धरायचे सापळे म्हणजे दारूगोळा. दर संध्याकाळी प्रत्येक गावातून किती अळ्या मेल्या त्याचा आकडा यायला हवा, असा हुकूम निघाला. एक कृषी सहायक बिचारा माझ्याजवळ येऊन हळूच विचारत होता, "वसंतराव, अर्धी मेलेली अळी जखमीत धरू का मेलेल्यात?" मी म्हणालो, मेलेल्यात धर, तुझा जीव वाचेल. सगळ्यांनी तेच केलं असणार, कारण नकाशावर भराभर हिरव्या टाचण्या दिसू लागल्या.

भाऊसाहेबांना अँबेसेडर मिळाली, म्हणजे शालिक मिळाला. कर्नलसाहेबांना मी आणि माझी जीप.

सुरुवातीला पाऊस चांगला होता, अळी कमी होती, आणि दोघांनाही वाटलं की आपण जिंकतो आहोत. तेव्हा भांडण होतं पुढे कोण जायचं याचं. पोलिसांची पायलट जीप फक्त मोठ्या मंत्र्यांना मिळे. आमच्या ताफ्यात पुढे कोण हे आपसात ठरायचं. भाऊसाहेब म्हणत दर्जा माझा, कर्नलसाहेब म्हणत सेनापती पुढेच असतो. गावाच्या वेशीवर हार घेऊन लोक उभे असत आणि पहिला हार पहिल्या गाडीला पडे, खरी मेख तीच. एकदा दारव्ह्याच्या रस्त्यावर कर्नलसाहेब मला म्हणाले, "ओव्हरटेक करो." मी जीप घातली शालिकच्या बरोबरीनं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, समोरून बैलगाडी. शालिकनं शांतपणे वेग कमी केला, मला आत घेतलं आणि बैलगाडी गेल्यावर हलकेच पुन्हा पुढे निघून गेला. मागच्या काचेतून भाऊसाहेब हात हलवत होते. पहिला हार त्यांनाच पडला आणि दुसरा, खरं सांगतो, गावकऱ्यांनी शालिकच्या गळ्यात घातला. माझ्या जीपला धूळ मिळाली.

त्या रात्री मला वाटलं होतं की एकदा तरी मला पुढची गाडी मिळावी. नवस बोलायचा तेवढा राहिला.

मग दिवाळीच्या सुमाराला हवा ढगाळली. आठवडाभर ऊनच पडलं नाही आणि अळी अशी फुटली की पऱ्हाटीच्या ओळीतून चालताना बोटाला लागायची. ज्या गावांवर हिरव्या टाचण्या होत्या त्या गावांतून माणसं बोंडांच्या टोपल्या घेऊन यवतमाळला येऊ लागली. लढाई हरत चालली हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि इथून माझ्या मानेमागचं बोलणं बदललं.

कर्नलसाहेब म्हणत, दारूगोळा वेळेवर मिळाला नाही. सापळे मागितले तेव्हा आले नाहीत, आले तेव्हा फुलोरा संपला होता; औषधाच्या खरेदीवर भाऊसाहेब महिनाभर बसून राहिले. तिकडे शालिक सांगायचा की भाऊसाहेब म्हणतात, कर्नलनं शेवटपर्यंत शत्रू मागे हटून राहिला असंच सांगितलं, मी काय स्वप्नात पाहू? मग कर्नलसाहेब म्हणाले हवामान. भाऊसाहेब म्हणाले बियाणं. दोघं एकत्र बसले तेव्हा म्हणाले शेतकरी. सांगितलं तसं तो करत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर दोन नाचणारे एकमेकांना अंगण म्हणत होते. मी आणि शालिक निंबाखाली गाड्या लावून हे सगळं एकमेकांना सांगून हसायचो. हसताना मला तो आवडायचा. हसणं थांबलं की मी पाहायचो, त्याच्या गाडीचे पडदे नवीन आलेले असायचे.

आणि ताफ्यात पुढे जायची घाई संपली. आता वेशीवर हार नव्हते. आता पहिल्या गाडीला लोक अडवत, बोंडं दाखवत, बोलत. दुसऱ्या गाडीपर्यंत त्यांचा आवाज अर्धा व्हायचा. म्हणून आता रेस्ट हाउसच्या पोर्चमध्ये दोन्ही गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. भाऊसाहेब म्हणत, "कर्नलसाहेब, सेनापती पुढे, नाही का?" कर्नलसाहेब म्हणत, "दर्जा आपला, साहेब, आपण पुढे व्हा." डिझेल जळत राहायचं. शेवटी चहाची तलफ भाऊसाहेबांची मोठी, तेच हार मानून पुढे व्हायचे.

हिवरधरा गावच्या दौऱ्याला हे भांडण पहिल्यांदाच भाऊसाहेबांनी जिंकलं. हिवरधरा पुसदच्या रस्त्यावरच्या फाट्यावरून आत, डोंगराच्या कुशीत. तिथली पऱ्हाटी पुरती गेली होती. गावानं सांगून ठेवलं होतं की दोघांनाही शेतात न्यायचं आणि विचारायचं, औषध उशिरा का आलं. पेपरवाले सकाळीच तिकडे जाऊन बसले होते. दौऱ्याच्या कार्यक्रमात आधी हिवरधरा, मग पुसदला जेवण. भाऊसाहेब निघताना म्हणाले, आज माझी कंबर धरली आहे, मी मागून येतो. आणि कर्नलसाहेबांना पुढे व्हावं लागलं.

म्हणजे मला. इतक्या वर्षांनी पुढची गाडी, तीही माझी सुतळी बांधलेली जीप. रस्त्यात मी सारखा आरशात पाहत होतो. शालिकची पांढरी गाडी, लाल दिव्याची, माझ्या मागे येत होती. मी हळू केलं की ती हळू, मी खड्डा चुकवला की तीही चुकवायची. लोक काहीही म्हणोत, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नसेल.

ताफ्याचा आमचा एक नियम आहे, तो इथे सांगायला हवा. पुढच्या गाडीनं वळायच्या बरंच आधी इंडिकेटर द्यायचं आणि मागच्यांनी रस्ता पाहायचा नाही, पुढची गाडी पाहायची. ती जिकडे जाईल तिकडे जायचं. चुकली तर तिची चूक, पण तिला सोडणं ही तुमची. हे आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवलं नाही, पण सगळे पाळतात.

फाटा दिसू लागला. मी इंडिकेटरकडे हात नेला, तर मागून कर्नलसाहेब म्हणाले, "सीधे चलो. थेट पुसद."

मी म्हणालो, "साहेब, हिवरधरा..."

"मागाहून पाहू. भाऊसाहेबांना आधी जेवू दे. तू चल."

मी हात काढून घेतला आणि सरळ गेलो. माझं कामच ते होतं, आणि त्या वेळी मनात दुसरं काही आलंही नाही. थोडं पुढे गेल्यावर सवयीनं आरशात पाहिलं. रस्ता रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे होतो आणि मागे कोणीच नव्हतं.

कर्नलसाहेबांना मी ते बराच वेळ सांगितलं नाही. पुसदच्या रेस्ट हाउसला पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. आधी त्यांना वाटलं गाडी पंक्चर झाली असेल. मग वाटलं भाऊसाहेब यवतमाळला परत फिरले, आणि ते खूश झाले. मिशीवर हात फिरवून म्हणाले, पळून गेला. जेवणाची ताटं झाकून ठेवली होती. अध्यक्षांशिवाय जेवणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही ती झाकलेलीच पाहत बसलो.

शालिक फाट्यावर वळला होता. पुढची गाडी सोडून, एकटा.

तिथे काय झालं हे मी नंतर गावच्या लोकांकडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. शालिक स्वतः कधी बोलला नाही. भाऊसाहेब फाट्यावर ओरडले म्हणतात, कुठं चालला, जीप तिकडं गेली. शालिक म्हणाला, दौऱ्यात गाव आहे, भाऊसाहेब. गाडी गावात शिरली तेव्हा लोकांना वाटलं की भाऊसाहेब आपणहून आले, कर्नल पळाला, पण हा माणूस आला. कोणी आवाज केला नाही. एका म्हाताऱ्या बाईनं, गावात सगळे तिला पार्वताकाकू म्हणत, त्यांना हाताला धरून शेतात नेलं आणि एकेक बोंड उकलून त्यांच्या हातावर ठेवत गेली. हात भरला की बोंडं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवायची आणि पुन्हा सुरू. ती काही विचारत नव्हती. शेवटी भाऊसाहेबच म्हणाले, "औषधाले उशीर मह्याकडून झाला, माय."

पेपरवाले तिथेच होते. दुसऱ्या दिवशी तेच मोठ्या अक्षरात छापून आलं.

इतक्या महिन्यांत सरकारात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं की चूक आमची. आणि ते दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी वरून फोन आला असावा. संध्याकाळी भाऊसाहेब म्हणाले, मी आजारी होतो, ड्रायव्हरनं रस्ता चुकवून मला भलतीकडे नेलं, तिथे माझ्या तोंडी शब्द घातले गेले. कर्नलसाहेबांनाही लोक विचारत होते की तुम्ही सरळ का गेलात. ते म्हणाले, ताफा ठरल्या मार्गानं चालला होता, मागच्या ड्रायव्हरनं फॉर्मेशन तोडलं, आणि त्यामुळे पुढची सगळी मोहीम विस्कळीत झाली. मग दोघं मिळून तेच म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मोहीम का फसली याचं सगळं खापर जणू एका अँबेसेडरच्या वळणावर फुटलं.

शालिकची चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत त्याला पाण्याच्या टँकरवर टाकलं, आणि लाल दिव्याची पांढरी गाडी मला दिली.

तुम्हाला वाटेल मी खूश झालो असेन. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी गाडी आतून-बाहेरून धुतली, पडदे घरी नेऊन धुवायला दिले. पण ज्या टपरीवर जावं तिथे शालिकचंच नाव. अरे, तो शालिकभाऊ ना, ज्यानं अध्यक्षाले शेतात नेलं? हिवरधऱ्याला पाण्याचा टँकर गेला की बाया त्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नव्हत्या, पोरं टँकरवर चढून बसायची. पार्वताकाकूनं त्याच्या घरी तुरीच्या शेंगांचं गाठोडं पाठवलं. मी त्याच रस्त्यानं लाल दिवा लावून जायचो आणि माणसं पाठ फिरवून उभी राहायची. माझ्या बायकोनं विचारलं, शालिकभाऊंना शिक्षा होईल का हो? तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी इतक्या वर्षांत कधी भरले होते ते मी आठवून पाहिलं.

दोष घेऊन माणूस एवढा मोठा होतो हे मला माहीत नव्हतं. भाऊसाहेब आणि कर्नलसाहेब ज्याला चिमट्यानंही शिवायला तयार नव्हते, ते शालिकनं दोन्ही हातांनी उचललं होतं, आणि ते त्याला शोभत होतं. गाडी, पडदे, हार यांच्यासाठी मी जळलोच होतो. आता मी त्याच्या चौकशीवरही जळू लागलो. हसायचं तर हसा.

चौकशी करणारे साहेब थकलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. शालिक समोर बसला होता. मला साक्षीला बोलावलं. सकाळी कर्नलसाहेब गाडीशी येऊन मला सांगून गेले होते की फक्त खरं ते सांग, तू सरळ गेलास, इंडिकेटर दिलं नाहीस. खरंच होतं ते. साहेबांनी तेच विचारलं, फाट्यावर पुढच्या गाडीनं वळण्याचा इशारा दिला होता का?

हा प्रश्न किती मोठा होता ते सांगतो. इशारा दिला असेल तर शालिकनं ताफ्याचा नियम पाळला. मग दोष माझा, की मी इशारा देऊन सरळ गेलो. शालिक सुटला असता. त्याची नोकरी, पेन्शन, दोन मुली लग्नाच्या, सगळं त्या एका दिव्यावर होतं.

मी म्हणालो, "हो साहेब. इंडिकेटर मी दिलं होतं. मग कर्नलसाहेबांनी सरळ घ्यायला सांगितलं. तो माझा इशारा पाहून वळला."

हे मी त्याला वाचवायला म्हणालो असं लिहिता आलं असतं. थोडंसं तसंही असेल. पण मुख्य म्हणजे मला त्यातला वाटा पाहिजे होता. हिवरधऱ्याच्या बायांनी एकदा तरी म्हणावं, त्या वसंतानं इशारा दिला म्हणून गाडी वळली.

साहेबांनी पेन उचललं. शालिक पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग त्यांना म्हणाला, "नाही सायेब. यानं इंडिकेटर नाही देल्लं. हा खोटं बोलून राह्यला. मी पाहून वळलो. मले मालूम होतं जीप सरळ जाऊन राह्यली."

"तुला कळतंय ना तू काय बोलतोस?" साहेब म्हणाले.

"हाव."

साहेबांनी आम्हा दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. मग पेन ठेवलं आणि शिपायाला चहा सांगितला. मोठी माणसं त्यांच्यापुढे येऊन येऊन दुसऱ्यांची नावं सांगून गेली होती, आणि इथे दोन ड्रायव्हर एका दोषासाठी भांडत होते. असलं काही त्यांनी आधी पाहिलं नसावं.

निकाल पुढे लागला. शालिकची नोकरी राहिली, पण वेतनवाढ रोखली आणि टँकर कायमचा झाला. टँकरवरूनच तो निवृत्त झाला. समिती हळूच विरून गेली. नकाशा भिंतीवर तसाच राहिला, हॉलमध्ये दुसरं ऑफिस आलं तेव्हा त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. कर्नलसाहेब पुण्याला गेले. भाऊसाहेबांना दुसरी समिती मिळाली आणि मी तिच्याही पुढच्या गाडीवर होतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चौकशीच्या खोलीतून बाहेर आलो तर शालिक पायऱ्यांवर बसून चप्पल घालत होता. मला राग आला होता. इतका राग मला त्याला हार पडला तेव्हाही आला नव्हता. मी म्हणालो, तुला वाचवत होतो मी, काहून नाही म्हणालास?

त्यानं दुसरी चप्पल घातली, उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू नाही वळला, वसंता," तो म्हणाला. "मी वळलो. तू कायले मधात येऊन राह्यला?"

एवढं बोलून तो टँकरकडे गेला. मग भाऊसाहेबांना आणायची वेळ झाली होती म्हणून मी पांढऱ्या गाडीकडे गेलो. ती आता माझी होती.